पेन्सिलनं लिहिलेलं नाव

"कोणी ठरवलं?"

असं विचारायच्या आधी सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोर जे असेल त्याच्यावर एक बोट ठेवायचे. टेबल असो, कागद असो, चहाचा कप असो. बोट ठेवलं की समजायचं, आता हा माणूस सोडत नाही.

मी त्यांच्या कॉलेजात शिपाई होतो. चौथी पास. घंटा वाजवणं, खोल्या उघडणं, पाणी भरणं, टाईमटेबल बोर्डावर लावणं, हे माझं काम. इतकी वर्षं केलं की प्राध्यापक पाठमोरा चालला तरी ओळखायचो. त्यातल्या बहुतेकांना विसरलो. हे एक सर मात्र मी विसरत नाही, आणि चांगलंच आठवते असंही नाही. माझ्या बायकोच्या हातानं लिहिलेली एक वही त्यांच्यापाशी होती. ती मेल्यावर मी मागितली. दोनदा मागितली. त्यांनी दिली नाही. त्या वहीचीच ही गोष्ट आहे.

सर शिकवायचे तो सक्तीचा पेपर. देशाचा इतिहास आणि राज्यकारभार. सायन्स घ्या नाहीतर कॉमर्स घ्या, पदवी पाहिजे तर हा पेपर पास व्हावाच लागे. पोरांना तो नको असायचा. खरं सांगतो, प्राध्यापकांनाही नको असायचा. म्हणून तो तासांवर नेमलेल्या माणसाच्या गळ्यात पडला. साल संपलं की नेमणूक संपली, नवी ऑर्डर आली तर या, नाही आली तर घरी बसा. टाईमटेबलात बाकी सगळ्यांची नावं शाईनं लिहिलेली, सरांचं पेन्सिलनं. ऑफिसातला बाबू म्हणे, "खोडाले बरं पडते."

जून संपता संपता मी टाईमटेबल लावलं की सर येऊन खालपासून वाचायचे. आपलं नाव सापडलं की म्हणायचे, "आहे अजून." आणि जायचे.

ते वरोऱ्याकडचे. उंच, वाळलेले, खांद्याला कापडी थैली, उन्हाळ्यात मानेवर ओला रुमाल. आमच्या तालुक्याच्या गावात एक खोली घेऊन एकटेच राहायचे. लग्न का नाही केलं, असं मी एकदा तोंडावर विचारलं. त्यांनी चष्मा वर चढवला. मी म्हटलं, "राहू द्या सर, समजलं."

पहिल्या तासाला सायन्सचा एक पोरगा उभा झाला होता. "सर, आमाले फिजिक्स शिकाचं हाये. हा पेपर काऊन?" मी बाहेर स्टुलावर बसलो होतो, आतलं सगळं ऐकू येई. मला वाटलं आता पोरगा मार खाते. सर तर खूश. "कोणी ठरवलं, ते विचार. हाच पहिला धडा. बस खाली."

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, घरून एक सरकारी कागद आणा. शिक्का असलेला. पुस्तक नंतर उघडू.

पोरांनी काय काय आणलं. रेशनकार्ड, जातीचा दाखला, सातबारा. एका पोरीनं बापाचा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याचा गेटपास आणला. तो सरकारी नव्हता, पण सरांनी परत केला नाही. म्हणाले, आत कोण जाईल आणि बाहेर कोण राहील हे लिहिलेलं आहे ना यावर, मग चालते. एकानं तर शेळीला लस टोचल्याचा कागद आणला. वर्ग खो खो हसला. सरांनी त्याच्यावर अख्खा तास घेतला. लस कुठून आली, कोणत्या खात्यानं पाठवली, डॉक्टर कोणाचा नोकर. मग विचारलं, "कागदावर मालकाचं नाव आहे, शेळीचं नाही. का?"

मागून कोणीतरी ओरडलं, "सर, शेळीले मत नाई!"

"पुढं येऊन बस रे तू," सर म्हणाले. "अर्धा पेपर झाला तुझा."

त्या दिवशी तास संपल्यावर मला म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे कोणता कागद?" माझ्याकडे एकच. शिपाई म्हणून कायम केल्याची ऑर्डर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलेली. दुसऱ्या दिवशी नेली. सरांनी दोन्ही हातांनी धरली, पूर्ण वाचली, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. म्हणाले, "भाऊ, 'कायम' लिहिलं आहे इथं."

"तुमचा बी दाखवा ना सर."

"माझा दरवर्षी बदलतो. ट्रंकेत ठेवण्याइतका जुना होतच नाही."

हसत म्हणाले. मी पण हसलो. आता वाटते, हसायला नको होतं.

आता माझ्या बायकोचं सांगतो. जैवंता. ती होती तोवर मी नाव घेतलं नाही, 'अवं' म्हणायचो, ती 'अजी' म्हणायची. आता घेतो. घेऊन काही उपयोग नाही, तरी घेतो.

ती अंगणवाडीत सेविका होती. तिला पर्यवेक्षिका व्हायचं होतं आणि त्याला पदवी लागे. नोकरी करून शिकणाऱ्यांचे वर्ग आमच्याच कॉलेजात रविवारी भरायचे. पोरगी गोंडपिपरीला दिल्यावर एक दिवस म्हणाली, "अजी, मी नाव टाकून राह्यली."

मी म्हटलं, "आता कायले? नातवाचं तोंड पाहाचे दिवस आले."

"तुमच्या जेवणाचं करून जाईन."

"मंग जाय."

असा मी. जेवणाचं होते म्हटल्यावर माझी काही हरकत नव्हती. रविवारी खोली उघडायला मीच जायचो, ती मागून यायची, आणि मी तिला कॉलेजात ओळख दाखवत नव्हतो. शिपायाची बायको बाकावर बसते, याची मला लाज वाटे. लिहिलं आता.

बाकीचे पेपर तिनं काढले. सक्तीचा पेपर तिला सगळ्यात आवडे. घरी येऊन मलाच विचारायची. मी म्हटलं, वरणात मीठ कमी आहे, तर पातेल्यावर बोट ठेवून म्हणायची, "कोनं ठरवलं?" कॉलेजात एक सर, घरात दुसरे.

पण त्या पेपरात एक भानगड होती. वीस गुण प्रकल्पाचे, ते सरांच्या हातात. त्यातले आठ मिळाले नाही तर लेखी कितीही चांगलं लिहा, नापास. प्रकल्प म्हणजे आपल्या घरच्या किंवा गावच्या एका सरकारी कागदाचा इतिहास लिहायचा. कोणी मागितला, किती फेऱ्या मारल्या, कोणी दिला.

जैवंतानं तिच्या माहेरचा कागद घेतला. माझं गाव रस्त्यावरचं, तिचं आत जंगलात. बसनं उतरून दीड तास पायी. आम्ही दोघंही गोंडच, पण माझ्या गावात गोंडी बोलणारे थोडे उरले, तिच्या गावात सगळे बोलतात. त्या गावाला त्याच्या जंगलावरचा हक्क मान्य केल्याचा कागद मिळाला आहे. गावचे लोक फार वर्षं खपले तेव्हा मिळाला. जंगलाची हद्द दाखवायला तिचा बाप पुढं चालला होता, ती त्याच्या मागं पाण्याचा हंडा घेऊन. लिहायला तिच्यापाशी भरपूर होतं.

पण त्या गावाची एक रीत आहे. जंगलाचं काहीही लिहून गावाबाहेर न्यायचं तर ग्रामसभेला विचारायचं. आणि तिथं हात वर करून मोजत नाहीत. सगळ्यांनी हो म्हटलं तर हो. एक जण जरी नाही म्हणाला तर गोष्ट पुढच्या महिन्यावर.

नाही म्हणणारा तिचा सख्खा काका निघाला. बापाचा लहान भाऊ, गावातला सगळ्यात म्हातारा.

"मागं एक साहेब आला होता," काका म्हणाला. "तीन दिवस राह्यला, आमच्यात जेवला, वही भरून नेली. मंग कुठी गेली ते वही? तू बी नेशील."

"मी गावची पोरगी हावो ना, काका."

"म्हणून त विचारून राह्यलीस. त्यानं विचारलं बी नव्हतं." एवढं बोलूनही तो हो म्हणाला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. तोवर प्रकल्प द्यायची तारीख आली.

मी म्हटलं, "तुले सगळं तोंडपाठ हाये. लिहून टाक. काकाले कोन सांगाले जाते?"

"मले त मालूम राहीन ना."

तिनं एकच कागद दिला. सगळे जाड जाड वह्या घेऊन रांगेत उभे, हिच्या हातात एक कागद. मी दारात होतो. सरांनी तो उभ्यानंच वाचला. मोठ्यानं नाही वाचला, पण मला नंतर तिनं सांगितलं काय लिहिलं होतं: दोन बैठका झाल्या. गावानं अजून हो म्हटलं नाही. म्हणून प्रकल्प लिहिला नाही. खाली सही.

सरांनी चष्मा काढून पुसला. तिला म्हणाले, "बाई, हे बरोबर आहे." आणि वीसपैकी सहा दिले.

आठ लागतात. सहा दिले.

माझं डोकं फिरलं. मी ऑफिसात नाही, सरळ त्यांच्या खोलीवर गेलो. "सर, दोन गुणांनी बाईचं साल गेलं. तुमच्या हातात होतं."

"हो. माझ्या हातात होतं."

"मंग काऊन नाई दिले?"

"भाऊ, आठ लागतात हे मी ठरवलं नाही. सहा मात्र मी ठरवले. तिच्या गावाच्या 'नाही'मुळं ती थांबली. मी तिला तसंच पुढं ढकललं तर ते 'नाही' फुकट गेलं. मग गावाला विचारलं काय, न विचारलं काय."

मला त्यातलं काही समजलं नाही. मी म्हटलं, "तुमाले बायको नाई म्हणून असं सुचते," आणि निघून आलो. घरी येऊन जैवंताला सांगितलं तर ती माझ्यावरच उलटली. "बरोबर केलं त्यानं. तुमी कायले गेले?"

त्यानंतर मी सरांचं पाणी भरणं बंद केलं. सगळ्यांच्या टेबलावर तांब्या, त्यांच्या नाही. ते थैलीतून बाटली आणू लागले. मग मी त्यांचा तास असला की घंटा लवकर मारू लागलो. दोन मिनिटं, तीन मिनिटं. एक दिवस खडूचा हात घेऊन बाहेर आले. चष्मा कपाळावर, बोट माझ्या घंटेवर.

"भाऊ, आज लवकर झाली. कोणी ठरवलं?"

"मी."

सरांनी बोट काढलं. "या कॉलेजात इतक्या वर्षांत असं सरळ उत्तर मला पहिल्यांदा मिळालं," म्हणाले, आणि आत जाऊन पोरांना सोडलं. त्याच्यावर काय भांडणार? दुसऱ्या दिवसापासून घंटा वेळेवर आणि तांब्याही.

पुढच्या साली जैवंतानं पुन्हा अर्ज केला, पुन्हा तोच पेपर. एका रविवारी सर तिला म्हणाले, "बाई, ग्रामसभेला मी आलो तर चालेल का? बोलणार नाही." तिनं लगेच हो म्हटलं नाही. महिनाभरानं काकाला विचारून आली, मग सांगितलं, चालते.

मला म्हणाली, "अजी, तुमी बी चला. मी कुठली हावो ते तरी पाहा बसून." लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि तिच्या गावच्या बैठकीत मी कधी बसलो नव्हतो. जेवायला जायचो, परत यायचो.

सकाळी पोचलो. गोटुलात बैठक, म्हणजे गावाच्या बसण्याच्या घरात. माणसं एकीकडे, बाया एकीकडे, मधात रजिस्टर. आलेल्यानं आधी सही करायची. मी बाजूला उभा होतो तर काका म्हणाला, "जवाई, तू बी सही कर. तुह्या घरची गोष्ट हाये. तुहं बी हो पायजे." मी केली. काकानं पेन सरांसमोर धरला. सरांनी दोन्ही हात मागं घेतले.

"मले अधिकार नाही. मी या गावचा नाही, जवाईही नाही. ऐकाले आलो."

काका हसला. तोंडात तीन दात. "हा पयला मास्तर पाह्यला जो बोलत नाई."

मग सुरू झालं. बांबू कधी तोडायचा. नाल्यावरची वाट कोण दुरुस्त करेल. कोणाच्या तरी बैलानं कोणाचं तरी धान खाल्लं. एकेक गोष्ट इतकी लांबे की माझा जीव कंटाळला. सर मात्र भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते, थैली मांडीवर, डोळे बोलणाऱ्यावर. अर्धी गोंडी त्यांना कळत नव्हती, तरी बसले होते. मी बिडीचं निमित्त करून बाहेर आलो आणि मोहाच्या झाडाखाली आडवा झालो. डोळा लागला.

उठलो तर बैठक मोडली होती. पानांवर भात वाढणं चालू होतं आणि जैवंता बायांमध्ये बसून हसत होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

काय झालं, कसं झालं, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मला भूक लागली होती.

तिनं वही लिहिली. लिहून झाल्यावर आधी गावात वाचून दाखवली, तिथं तीन जागा बदलायला लावल्या, त्या बदलल्या. मग सरांना दिली. वीसपैकी सतरा.

मी सरांना म्हटलं, "तीन काऊन कापले?"

"शेवटची दोन पानं घाईत लिहिली बाईंनी."

मी त्यांच्या टेबलावर बोट ठेवलं. "कोनं ठरवलं?"

सर इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या खोलीतून बाबू पाहायला आला. त्यांचं तसं हसणं मी एकदाच ऐकलं.

पदवी आली. पर्यवेक्षिकेच्या जागा निघाल्या तोवर जैवंताचं वय अटीबाहेर गेलं होतं. मी दोन दिवस शिव्या देत फिरलो. ती म्हणाली, "नाई झाली त नाई. पेपर त निघाला." पदवीचा कागद तिनं ट्रंकेत माझ्या ऑर्डरच्या खाली ठेवला.

मग ती गेली. हिवताप डोक्यात चढला. तीन दिवसांत. गावभर लोकांना ती सांगत फिरे, ताप आला की रक्त तपासा, आणि स्वतःचा ताप अंगावर काढला. मी पण म्हटलं नाही, चल. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. उशीर आम्हीच केला.

सर आले. लोक येतात, धीर धरा म्हणतात, चहा पितात, जातात. सर भिंतीला टेकून बसले, त्या गोटुलात बसले होते तसेच. थैली मांडीवर. दुपार होईपर्यंत बसले आणि काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "भाऊ, जेवून घ्या." त्या दिवशी मला तो माणूस आवडला.

महिन्याभरानं कामावर गेलो आणि वही मागितली. घरात तिच्या हाताचं काहीच नव्हतं. अंगणवाडीची रजिस्टरं ऑफिसनं नेली. पदवीवर तिचं नाव आहे, पण ते छापलेलं. ती वहीच काय ती होती, चाळीस पानं तिच्या अक्षरात. कॉलेजच्या कपाटात पडलेली.

सरांनी बोट टेबलावर ठेवलं. चष्मा वर नेला नाही. हळू बोलले. "भाऊ, ती वही तुमची, हे कोणी ठरवलं?"

"माझी बायको होती ते!"

"बायको तुमची. वही तुमची नाही. तुम्ही पण होते ना तिथं."

मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्या पेपराचं रूप बदललं. लहान केला, नाव बदललं, आणि तो कायमच्या प्राध्यापकांमध्ये वाटून टाकला. टाईमटेबल मीच लावलं. शेवटच्या ओळीत पेन्सिल नव्हती. सर आले, खालपासून वरपर्यंत वाचलं. मग वरपासून खालपर्यंत. काही म्हणाले नाहीत. मी घंटेपाशी उभा होतो. 

जुन्या प्रकल्पांच्या वह्यांची मुदत संपली होती, त्या रद्दीत जाणार होत्या. कपाटाची चाबी माझ्यापाशी. मी ठरवलं, काढून घ्यायची. मी फार चांगला माणूस म्हणून चोरी केली नाही असं समजू नका. सगळं कपाट उपसलं, वही नव्हतीच. सर मला ओळखून होते.

पळत बसस्टँडवर गेलो. सर उभे होते. खोलीचं सामान आदल्या दिवशी वरोऱ्याला गेलं होतं, पण हे वरोऱ्याच्या फलाटावर नव्हते. जैवंताच्या गावाकडं जाणाऱ्या बसपाशी होते. थैली छातीशी.

"सर, वही."

"भाऊ, मी फक्त पोचवून देतो आहे."

"दाखवा तरी."

त्यांनी थैलीतून काढली आणि उघडून धरली. स्वतःच्याच हातात धरून ठेवली. मी पाहिलं. तिचं अक्षर, डावीकडं कललेलं, शाळेतल्या पोरीसारखं. मी हात पुढं केला तर त्यांनी मिटली. "गावाला विचारा, भाऊ. त्यांना विचारलं तर मिळेलही." तेवढ्यात बस लागली. ते चढले. खिडकीतून हात केला की नाही, मला माहीत नाही. मी पाठ फिरवली होती.

मग सर दिसले नाहीत. कोणी म्हणते, वरोऱ्याला आहे. कोणी म्हणते, सिरोंच्याकडं कुठंतरी शिकवते. त्यांचा फोन लागत नाही.

एक साल मी रागात काढलं. रिटायर झालो. घर खायला उठलं. मग एक दिवस गेलो. बसनं उतरून दीड तास. मधात दोनदा बसलो.

बैठक भरली होती. काका होता, आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. लिहायला त्याची नात, जैवंताला आत्या म्हणणारी. माझी पाळी शेवटी आली. मी उभा राहिलो. इतक्या लोकांत तिचं नाव घ्यायची पहिलीच वेळ.

"जैवंताची वही पायजे. घरी न्याची हाये."

नात उठली, पेटीतून जुनं रजिस्टर काढलं, पान शोधलं आणि वाचलं. जैवंतानं गावाच्या कागदाचा इतिहास लिहावा. देवांच्या जागा लिहू नये. लिहिलेलं आधी गावात वाचावं. काम झालं की वही गावात परत यावी आणि गावातच राहावी. सर्वांचं हो आहे. मग खाली नावं वाचू लागली, एकेक. मधातच थांबली.

"काय झालं व?" काका म्हणाला.

"आजा, फुफाजीची सही हाये इथी."

"जवायाची?"

"हो."

"मंग जवाई आता काय मांगून राह्यला?"

गोटुलात सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी रजिस्टरापाशी गेलो. माझीच सही. वाकडी, चौथी पासवाली. सर म्हणाले होते, तुम्ही पण होते ना तिथं. ज्याला सही करायचा अधिकार नव्हता तो सगळं ऐकत बसला होता आणि त्यानं ते पाळलं. ज्यानं सही केली तो बाहेर घोरत होता.

मी खरं ते सांगितलं. "मी झोपलो होतो."

आधी बायांच्या बाजूनं एक जण हसली. मग सगळेच. काका हसता हसता खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "घरी नाई नेता येत, जवाई. तुहंच हो हाये. पन इथी बस अन् वाच. आज वाच, उद्या वाच, पायजे तेवढा ये."

नातीनं वही माझ्या हातात दिली. मी खांबाशी बसून वाचायला लागलो. मला वाचायला वेळ लागते. बैठक मोडली तरी लोक बसून होते. सातव्या पानावर त्या दिवसाच्या बैठकीचं आलं. कोण आलं, कोण काय बोललं. शेवटी तिनं लिहिलं होतं: माझे मालकही बैठकीला शेवटपर्यंत हजर होते.

ते पान मी पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं.

शेवटच्या पानावर लाल शाईत सतरा. त्याच्या खाली लिहिलं होतं, शिक्षकाचे नाव. आणि पुढं पेन्सिल. त्या साली सरांची ऑर्डर उशिरा आली होती, मला आठवते. ऑर्डर येईपर्यंत पेन्सिल, असं बाबूनं सांगितलं असेल. मग पक्कं करायचं राहून गेलं. पानं एकमेकांना घासून ते नाव अर्धं पुसलं होतं. आणखी दोन-चार पावसाळ्यांनी काहीच राहिलं नसतं.

मी नातीचा पेन मागितला. टोपण काढलं, टोक कागदावर टेकवणार, आणि थांबलो.

उभा राहिलो. "या वहीत सरांचं नाव पेन्सिलनं हाये. मी पेननं गिरवतो म्हणतो. सगळ्यांचं काय म्हणणं?"

माणसांच्या बाजूनं हो आलं. बायांच्या बाजूनं हो आलं. काका राहिला. सगळे वाट पाहू लागले.

"कोन सर?" त्यानं विचारलं. "तो मास्तर? जो बोलला नाई तो?"

"तोच."

"मंग गिरव ना. विचारतं काय."

मी खाली बसलो. वही मांडीवर घेतली आणि एकेक अक्षर गिरवलं.  एक काना जरा जाड झाला.